पाटीवर ‘एम.डी.’ आहे, पण खरं की खोटं कसं बघायचं? (धायरी)

मृण्मयी: सासूबाईंचे गुडघे दुखतात. शेजारणीने सांगितलं म्हणून त्या आमच्याच रस्त्यावरच्या एका दवाखान्यात जातात. पाटीवर ठळक एम.डी., खाली बारीक अक्षरांत आणखी काहीबाही. दर वेळी इंजेक्शन आणि पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या. चिठ्ठी कधीच नाही. दुखणं पळालं, पण चेहरा सुजल्यासारखा दिसतोय. पदवी घरबसल्या तपासता येते का? तोंडावर विचारलं तर सासूबाई माझ्याशी बोलणं टाकतील.

पेठेतला केमिस्ट: सदाशिव पेठेत माझं औषधाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. चिठ्ठी हातात आली की मी औषधाआधी शिक्का बघायचो, म्हणजे नोंदणी क्रमांक. ॲलोपॅथीच्या डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापायचा, असं २००२ च्या नियमावलीतच आहे. तेव्हा पुढच्या खेपेला सोबत जा आणि भिंती वाचा.

क्रमांक कुठला तेही बघा. एमबीबीएस आणि त्यापुढचे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आयुर्वेद-युनानीवाले महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीनकडे. होमिओपॅथीचं कौन्सिल निराळं, दातांचं निराळं. मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंद शोधता येते. मात्र नुसतं नाव जुळलं म्हणून हुरळू नका, पुण्यात एकाच नावाचे डॉक्टर गल्लोगल्ली सापडतील. पदवी आणि नोंदणीचं साल बघा. समोरचा पस्तिशीचा आणि नोंद १९८५ ची, तर पाणी मुरतंय. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. तेवढी तारीख उलटली म्हणून लगेच बोगस ठरवू नका, विसरभोळे डॉक्टर मी भरपूर पाहिलेत.

आणि एम.डी.च्या पुढचा कंस वाचा! आयुर्वेदात एम.डी. असते, होमिओपॅथीतही असते. कंसात ‘ए.एम.’ असेल तर ते बहुतेक अल्टरनेटिव्ह मेडिसीन, त्याची नोंद यातलं कुठलंच कौन्सिल करत नाही.

वैद्य, हडपसर: काका, आमची एम.डी. बीएएमएसनंतर तीन वर्षं घासून मिळते, तिला त्या ‘ए.एम.’च्या पंगतीत बसवू नका. मी कंसातला ‘आयुर्वेद’ एम.डी.इतक्याच मोठ्या अक्षरात रंगवून घेतलाय. जो कंस बारीक करतो, त्याच्याबद्दल मलाही शंका येते.

मृण्मयीताई, पदवीचं नंतर. झटपट गुण, सुजरा चेहरा आणि बिनवेष्टनाच्या गोळ्या, हे स्टिरॉइड असू शकतं. गोळ्या परस्पर एकदम बंद करू नका, त्यानेही धोका होतो. उरलेली पुडी घेऊन या एक-दोन दिवसांत एखाद्या फिजिशियनकडे जा. बीपी आणि साखर तपासून घ्या.

सिंहगड रोडवाला: धायरी २०१७ पासून महापालिकेत आहे, तक्रार पालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात, कलम ३४, नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोच घ्यायला विसरू नका.

मृण्मयी: उद्याच फिजिशियनकडे नेतेय. आज दवाखान्यात जाऊन आले. भिंतीवर बालाजी आणि एका बँकेचं कॅलेंडर, क्रमांक नाही. पावती मागितली तर म्हणाले, यूपीआयचा मेसेज आलाय ना! त्यात नाव तिसऱ्याच माणसाचं.

पेठेतला केमिस्ट: खातं बायकोचं किंवा भावाचं असू शकतं, त्यावरून काही ठरत नाही. मेडिक्लेमला लागतं म्हणून सही-शिक्क्याची पावती मागा. खऱ्या डॉक्टरला शिक्का मारायला दोन मिनिटं लागत नाहीत, आणि सासूबाईंनाही त्यात वावगं वाटायचं नाही.