थर्मल लेन्सिंगला मराठीत काय म्हणायचं?

लेझरवर मराठीत लिहितोय आणि इथेच अडलोय. झोत काचेतून जाताना काच थोडासा प्रकाश शोषते, मधोमध जास्त तापते, कडेला कमी, त्यामुळे अपवर्तनांक जागोजागी बदलतो आणि सपाट काचसुद्धा भिंगासारखी वागायला लागते. औष्णिक भिंग म्हणू का? मला तर औष्णिक म्हटलं की कोराडीचं वीजकेंद्रच आठवतं.

— औष्णिक चालेल की. फक्त भिंगीकरण नको, कुणी मुद्दाम भिंग बनवत नाहीये, ते आपोआप होतंय. आणि व्याख्येत बहिर्गोल असं लिहून टाकू नका, बेल लॅब्जच्या लोकांनी 1965 साली हा परिणाम छापला तो द्रवांमधला होता आणि बहुतेक द्रवांत भिंग अंतर्गोल होतं.

— माझ्या मते उष्णता म्हणून भागत नाही, फरक म्हणायला हवं. अख्खी काच सारखी तापली तर भिंग होतच नाही! लायगोचे, म्हणजे गुरुत्वीय लहरी लेझरने टिपणाऱ्या वेधशाळेचे, 40 किलोचे सिलिकाचे आरसे बघा, कोटिंग दहा लाखांतला एक भागही प्रकाश शोषत नाही पण आत शेकडो किलोवॉट फिरतात म्हणून मधला भाग तापतोच, आणि त्यावर उपाय काय तर आरशाभोवती रिंग हीटर, म्हणजे कडा तापवायची की फरक कमी, भिंग कमी. औंढा नागनाथला लायगो इंडिया होतंय, हिंगोलीच्या पोरांना हे मराठीत नीट सांगता आलंच पाहिजे.

— फायबर लेझर कटिंगवाले सरळ "फोकस सरकला" म्हणतात. प्रोटेक्शन ग्लास, म्हणजे भिंगाला वाचवणारी पुढची काच, घाण झाली की पहिले पार्ट चांगले निघतात, मग बर, म्हणजे कापाच्या कडेला धातूची खरबरीत कोर, यायला लागतो. मोजायचं तर कमी पॉवरला आणि फुल पॉवरला झोत सगळ्यात बारीक कुठे होतो ते बघायचं, जागेतला फरक म्हणजे सरक.

— पण ती सरक झाली, भिंग नव्हे. भिंग मोजलं तर उत्तर डायॉप्टरमध्ये, तिथे शाळेतलाच "भिंगाची शक्ती" वापरा. लायगोत हार्टमन सेन्सर असतो, भोकांच्या पट्टीतून प्रकाशाचे ठिपके कॅमेऱ्यावर पडतात, आरसा तापला की ठिपके हलतात, त्यावरून तरंगाग्र (वेव्हफ्रंट, प्रकाशलहरीची आघाडी) किती वाकलं ते काढतात.

— मग असं करतो, वस्तूला औष्णिक भिंग, व्याख्येत तापमानातला फरक पहिल्याच वाक्यात, आणि कारखान्याच्या भागात फोकस सरकणं तसंच ठेवतो. तरंगाग्र घेतला, छान आहे.