डीएनडी आणि प्रचाराचे रेकॉर्डेड कॉल

डीएनडी (नको असलेले जाहिरातींचे कॉल बंद करायची सोय) लावलं की निवडणुकीतल्या उमेदवारांचे रेकॉर्डेड कॉल थांबतात, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. डीएनडीच्या १९०९ या नंबरवर आपण जाहिरातींचे जे प्रकार बंद करतो ते बँकिंग, रिअल इस्टेट, शिक्षण, आरोग्य असे आहेत; त्यात राजकीय प्रचार हा प्रकारच नाही. नंबर ब्लॉक करूनही उपयोग नाही, पुढचा कॉल भलत्याच नंबरवरून येतो.

खरी पकड वेगळीकडे आहे. लोकसभा-विधानसभेला असा व्हॉइस मेसेज सोडण्याआधी तो माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचार बंद. त्यामुळे त्या काळात आलेला कॉल आवर्जून रेकॉर्ड करा. नंबर, तारीख, वेळ, उमेदवाराचं नाव लिहून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. मुंबईत दोन जिल्हे: कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे उपनगर. दोन्हींची जिल्हाधिकारी कार्यालयं वेगळी आहेत. नुसता नंबरचा स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण कॉल कोणाच्या प्रचाराचा होता हे त्यातून दिसतच नाही.

महापालिकेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा तक्रारही तिकडेच. १९५० हा हेल्पलाइन नंबर भारत निवडणूक आयोगाचा, म्हणजे लोकसभा-विधानसभेसाठीचा आहे.