आधी इंग्रजी, मग विषय?

स्थलांतरित मुलांचे इंग्रजी आधी पक्के करून मगच त्यांना विषय शिकवावेत, हे मत मला पटत नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९८५ साली लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजमध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल हायस्कूलने उलटी वाट धरली: अमेरिकेत नुकतीच आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले एकाच गटात विज्ञानाचा प्रकल्प करतात, अडले की मातृभाषेचा आधार घेतात. संध्याकाळी हॉटेलात भांडी घासणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला वर्षभर नुसते व्याकरण घोटायला लावले, तर तो शाळेत टिकेल कसा? न्यूयॉर्कमध्ये वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत शाळेत शिकण्याचा हक्क आहे खरा, पण घरभाड्याची चिंता त्याआधीच मानगुटीवर बसते. त्यामुळे अशा शाळेत या चिंतांमध्ये मुलांना आधार देणाऱ्या समुपदेशकाला चैन समजणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते.