पुढच्या बाँडपटाविषयीचे तर्क : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सी-१०३ : सर्वांना नमस्कार. पुढच्या जेम्स बाँडपटाची पटकथा स्टिव्हन नाइट लिहिणार असल्याचे ३१ जुलै २०२५ रोजी जाहीर झाले आणि तेव्हापासून नवा बाँड कोण, या चर्चेला ऊत आला आहे. आपल्या ग्रुपवरही काल एक फोटो आला असून, त्याखाली नायकाची निवड झाली आहे आणि चित्रीकरण २०२५ च्या अखेरीस सुरू होणार आहे, असे ठामपणे लिहिले आहे. जाणकारांनी यावर आपले मत द्यावे, अशी विनंती आहे.

ए-२०१ : त्यातील चित्रीकरणाचा दावा तर साध्या वेळापत्रकासमोरही टिकत नाही. दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिल्नव्ह यांचे नाव जून २०२५ च्या अखेरीस जाहीर झाले हे खरे, पण त्याच वर्षी ते बुडापेस्टमध्ये ‘ड्यून’ या विज्ञानपटाच्या तिसऱ्या भागाच्या चित्रीकरणात गुंतले आणि त्या चित्रपटाचे प्रदर्शन १८ डिसेंबर २०२६ रोजी ठरले. चित्रीकरण संपले की दिग्दर्शक मोकळा झाला, अशी अनेकांची समजूत असते. परंतु संकलन, दृश्यपरिणाम, पार्श्वसंगीत आणि ध्वनिमिश्रण या कामांत अशा प्रकारच्या चित्रपटाचे एक वर्ष सहज निघून जाते, आणि व्हिल्नव्ह ही कामे दुसऱ्यावर सोपवून निघून जाणाऱ्यांपैकी नाहीत. त्यामुळे २०२७ च्या आधी बाँडचा कॅमेरा सुरू होईल असे मला वाटत नाही. आणि ज्या पटकथेला आत्ता कुठे हात लागतो आहे, तिच्यासाठी नायक ठरला असे म्हणणे म्हणजे बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

सी-१०३ : काका, वेळापत्रकाचा मुद्दा मान्य आहे, पण नायकाच्या चाचणीसाठी नव्या पटकथेची गरज नसते. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या १९६३ च्या चित्रपटातील हॉटेलच्या खोलीतला प्रसंग इच्छुक नटांकडून करवून घेण्याची या मालिकेत जुनीच प्रथा आहे. म्हणजे कागदावर एक ओळ नसतानाही चाचण्या होऊ शकतात.

ए-२०१ : चाचण्या अवश्य होऊ शकतात. मात्र चाचणी, निवड आणि करार या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि वावड्या उठवणारे लोक पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात. पीअर्स ब्रॉस्नन यांचे उदाहरण आठवावे. १९८६ मध्ये बाँडच्या भूमिकेसाठी त्यांची निवड जवळजवळ पक्की होती, कारण ते काम करीत असलेली दूरचित्रवाणी मालिका बंद झाली होती. परंतु ठरावीक मुदतीत मालिका पुन्हा सुरू करण्याचा अधिकार वाहिनीकडे होता, आणि ब्रॉस्नन बाँड होणार या बातमीमुळेच त्यांच्याविषयी इतके कुतूहल वाढले की वाहिनीने मुदत संपता संपता तो अधिकार वापरला. भूमिका टिमथी डाल्टन यांच्याकडे गेली आणि ब्रॉस्नन यांना १९९५ पर्यंत थांबावे लागले. बातमी फुटल्यामुळेच हातातली भूमिका गेली, असा हा प्रकार आहे. त्यामुळे ज्याची निवड खरोखर होणार असेल, त्याचे नाव निर्माते यावेळी तरी कुलूपबंद ठेवतील, असा माझा कयास आहे.

बी-५०४ : काकांच्या म्हणण्याला माझी पुस्ती. नायक कोण, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. डॅनियल क्रेग यांचे नाव बाँड म्हणून ऑक्टोबर २००५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्यांच्या सोनेरी केसांवरून चाहत्यांनी बहिष्काराची भाषा केली होती आणि वर्षभरातच तीच माणसे त्यांचे गोडवे गाऊ लागली, कारण चित्रपट मुळात नीट लिहिलेला होता. याउलट ‘क्वांटम ऑफ सोलेस’ या त्यांच्या दुसऱ्या बाँडपटाच्या वेळी हॉलिवूडमधील लेखकांचा संप सुरू होता, पटकथा अर्धीकच्ची होती, तरीही २००८ च्या आरंभी चित्रीकरण सुरू झाले, आपण आणि दिग्दर्शकांनी मिळून प्रसंग लिहून काढले, असे क्रेग यांनीच नंतर सांगितले आहे. नट तोच होता, पण त्या चित्रपटातील तुटकपणा कोणापासून लपला नाही. पुढे २०१८ च्या ऑगस्टमध्ये डॅनी बॉइल यांनी मतभेदांमुळे क्रेग यांच्या शेवटच्या बाँडपटाचे दिग्दर्शन सोडले आणि प्रदर्शन पुढे ढकलावे लागले. त्यानंतरची लांबण अर्थात महासाथीमुळे झाली. म्हणून नाइट यांना किती महिने मिळतात आणि दिग्दर्शकाचे व त्यांचे किती जुळते, याची बातमी आली तर ती मला दहा नटांच्या नावांपेक्षा अधिक मोलाची वाटेल. प्रदर्शनाची तारीख घाईने जाहीर झाली, तर मात्र मला काळजी वाटेल.

डी-६०२ : ताई, घाई होण्याची शक्यता कोठून येते, हे मी वकिलाच्या नजरेने मांडतो. अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये एमजीएम ही बाँडपटांशी जोडलेली चित्रपट कंपनी सुमारे ८.४५ अब्ज डॉलरना घेतली, तरी बाँडविषयीचे सर्जनशील निर्णय मालिकेचे जुने निर्माते बार्बरा ब्रॉकली आणि मायकेल विल्सन यांच्याच हाती होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवा संयुक्त उपक्रम जाहीर झाला आणि ते निर्णय अ‍ॅमेझॉनकडे आले. दोघांची मालकीतील भागीदारी कायम राहिली. मार्चमध्ये एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन यांची निर्माते म्हणून नियुक्ती झाली. त्यातच बाँडचे जनक, कादंबरीकार इयन फ्लेमिंग यांचे निधन १९६४ मध्ये झाल्याने, ब्रिटनमधील सत्तर वर्षांच्या नियमानुसार त्यांच्या मूळ कादंबऱ्यांवरील स्वामित्वहक्क २०३४ च्या अखेरीस संपतो. चित्रपटांमधील संगीत, बोधचिन्हे आणि पडद्यावर घडलेल्या गोष्टींचे हक्क त्यानंतरही राहतील. तरीही एवढी रक्कम मोजलेली कंपनी उरलेली वर्षे हात बांधून बसणार नाही.

सी-१०३ : चित्रीकरण कोठे होईल, याविषयी कोणाला काही सांगता येईल का? लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओशिवाय बाँडची कल्पनाच करवत नाही, असे अनेकांचे म्हणणे आहे.

ए-२०१ : हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे थोडे लांबेल. पाइनवुड स्टुडिओतील ‘००७ स्टेज’ ही भव्य इमारत १९७६ मध्ये बाँडपटासाठीच उभी राहिली, १९८४ आणि २००६ अशी दोनदा आगीत खाक झाली आणि दोन्ही वेळा पुन्हा बांधली गेली. त्यामुळे चाहत्यांच्या मनात तिला तीर्थक्षेत्राचे स्थान आहे. तरीही बाँड कायम तेथेच राहिलेला नाही. १९८९ चा चित्रपट मुख्यतः मेक्सिकोत झाला. १९९५ च्या ‘गोल्डनआय’च्या वेळी पाइनवुडमध्ये जागा मिळाली नाही, तेव्हा लीव्ह्झडन येथील रोल्स-रॉइसच्या विमान-इंजिनांच्या बंद कारखान्यात स्टुडिओ उभारण्यात आला. गंमत अशी की, पुढे त्याच जागेत हॅरी पॉटरचे चित्रपट तयार झाले आणि त्यांचे निर्माते होते हेच डेव्हिड हेमन. सध्या पाइनवुडमधील बहुतांश जागा डिस्नेने २०१९ च्या दीर्घ कराराने घेतलेली आहे, तर अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये शेपर्टन स्टुडिओत दीर्घ मुदतीची जागा घेतली आहे. स्वतःची जागा हाताशी असताना दुसऱ्याचे भाडे भरण्यास हिशेबनीस तयार होणार नाहीत, त्यामुळे शेपर्टनची शक्यता मला अधिक वाटते. प्रसिद्धीसाठी एखादा मोठा सेट ‘००७ स्टेज’वर लावला गेला, तर आश्चर्य नाही.

सी-१०३ : शेवटची शंका. २०२१ चा बाँडपट ‘नो टाइम टु डाय’ ज्यांनी अजून पाहिला नसेल, त्यांनी हा संदेश येथेच सोडावा. त्यात बाँड मरतो, म्हणजे कथा नव्याने सुरू करणे भागच आहे. मग राल्फ फाइन्स यांचा ‘एम’, म्हणजे बाँडचा वरिष्ठ, परत येण्याची आशा चाहते कशाच्या आधारावर करतात?

बी-५०४ : ज्युडी डेंच यांच्या आधारावर. १९९५ पासून त्या ब्रॉस्नन यांच्या बाँडच्या वरिष्ठ होत्या. २००६ मध्ये कथा पार पहिल्यापासून सुरू झाली, बाँडला दोन शून्यांचा, म्हणजे ठार मारण्याचा परवाना नव्याने मिळाला, तरी खुर्चीवर डेंचच होत्या आणि प्रेक्षकांनी त्याबद्दल ब्रही काढला नाही. त्यामुळे तर्काला आधार आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र डेंच यांनी आपला आधीचा बाँड गमावलेला नव्हता, आणि फाइन्स यांच्या ‘एम’ने तर त्याच्या आठवणीत मद्याचा प्याला उंचावलेला आपण पाहिला आहे. तोच चेहरा पुन्हा टेबलापलीकडे बसून नव्या माणसाला ‘या, ००७’ म्हणाला, तर ते मला पटणार नाही. सगळे कार्यालयच नवे असावे.

डी-६०२ : फाइन्स यांच्या बाजूने वकीलपत्र घेण्यास मी तयार आहे. बाकी मुद्द्यांवर ताईंशी सहमत.