खडकवासल्याच्या फिरत्या वाऱ्यात लेझर होडी मागे पडतेय, मदत हवी आहे

मंडळी, रविवारी खडकवासल्यात लेझर रेडियल ही छोटी शिडाची होडी शर्यतीत चालवतो (शीड 5.76 चौ. मी.). सुरुवात बरी होते, पण वाऱ्याच्या तोंडावर जाताना चार-पाच होड्या सटकन पुढे जातात. डोंगरांमुळे वारा सारखा दिशा बदलतो. होडीचं नाक वाऱ्यापासून दूर, खाली पडलं की टॅक करायचा (नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळायचं), हे पाठ आहे. पण मी टॅक मारेपर्यंत वारा परत जागेवर! वर वेग मरतो तो वेगळाच. तुम्ही किती सेकंद थांबून बघता?

दुसरं, हलक्या वाऱ्यात शिडाच्या पलीकडच्या बाजूचा, हवेचा प्रवाह दाखवणारा लोकरीचा धागा लोंबत राहतो. आधी मेनशीट (शीड आत-बाहेर करायची दोरी) सोडू की व्हँग (शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढणारी दोरी)? आजवर दोन्ही ताणूनच बसायचो. वजन 68 किलो. 'समुद्रावर या' एवढंच सांगू नका, प्लीज.