टोरॉइडमधला फ्लक्स: सूत्राचं उत्तर मीटरशी जुळत नाही

वेटोळे२०: टोरॉइड म्हणजे एन८७ जातीच्या फेराइटची हिरवी रिंग आहे, सापेक्ष पर्मिएबिलिटी (हवेच्या तुलनेत फ्लक्स किती पट सहज वाहतो तो आकडा) २२०० धरली. व्हर्नियरने मापं घेतली: बाहेरचा व्यास ३६.६ मिमी, आतला २२.४ मिमी, उंची १५.६ मिमी. वेढे २०. अर्ध्या अँपियरला लॉगच्या सूत्राने फ्लक्स (गाभ्यातला चुंबकीय प्रवाह) ३३.७ मायक्रोवेबर येतो, सरासरी त्रिज्या घेतली तर ३३.०. या हिशोबाने इंडक्टन्स १.३५ मिलिहेन्री हवा, पण एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारा) १ किलोहर्ट्झला १.१२ दाखवतो. दोनपैकी कोणतं सूत्र धरू?

गाभा_आणि_तार: सूत्रं दोन्ही ठीक आहेत, माप चुकलंय. हिरवा थर इपॉक्सीचा आहे आणि व्हर्नियरने तोही मोजला. तो एका बाजूला ०.३ मिमी धरला तर फेराइट निघतं ३६ × २३ × १५. बाहेरचा व्यास वाढतो, आतला घटतो, उंचीही वाढते. तिन्ही चुका एकाच दिशेने जातात आणि उत्तर १४ टक्के फुगतं. कॅटलॉगमधली कोटिंगशिवायची मापं घाला:

फ्लक्स = म्यू-नॉट (निर्वाताची पर्मिएबिलिटी) × सापेक्ष पर्मिएबिलिटी × वेढे × करंट × उंची × लॉग(बाहेरची त्रिज्या ÷ आतली त्रिज्या) ÷ (२ × पाय)

लॉग नैसर्गिक, दहाच्या पायाचा नव्हे. ३६ ÷ २३ चा लॉग ०.४४८, फ्लक्स २९.६ मायक्रोवेबर, इंडक्टन्स १.१८ मिलिहेन्री. मीटरच्या १.१२ शी फरक ५ टक्क्यांचा राहतो, आणि अशा रिंगांच्या एएल व्हॅल्यूला (एका वेढ्यामागच्या इंडक्टन्सला) कॅटलॉगच ±२५ टक्के सूट देतो. मीटर हाताशी असेल तर मापांचीही गरज नाही: इंडक्टन्स × करंट ÷ वेढे, म्हणजे २८ मायक्रोवेबर.

हिस्टेरिसिस: लॉग की सरासरी हा वाद इथे दीड-दोन टक्क्यांचा आहे, त्यात वेळ घालवू नका. आतल्या कडेकडे बघा. चुंबकीय क्षेत्र त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे फ्लक्सची घनता सरासरी ०.३० टेस्ला असली तरी आतल्या कडेला ०.३८ आणि बाहेरच्या कडेला ०.२४ येते. एन८७ चं सॅच्युरेशन (ज्यापुढे गाभा जवळपास आणखी फ्लक्स घेत नाही ती मर्यादा) २५ अंशांना ०.४९ टेस्ला, पण १०० अंशांना ०.३९. गाभा तापला की आतली कड आधी भरते आणि सरासरीच्या आकड्यात ते दिसत नाही.

दुसरं म्हणजे, २२०० हा आकडा अगदी छोट्या सिग्नलचा आहे. फ्लक्स वाढला की पर्मिएबिलिटी आधी वाढते, सॅच्युरेशनजवळ कोसळते. म्हणून अर्ध्या अँपियरचे २८ काय किंवा २९.६ काय, दोन्ही अंदाजच. आणि तो अर्धा अँपियर आरएमएस (एसीची परिणामी किंमत) आहे की पीक (कमाल)? आरएमएस असेल तर पीक ०.७१ होतो आणि सगळा हिशोब बदलतो.

वेटोळे२०: पीकच आहे. मग खरा फ्लक्स मोजायचा कसा?

गाभा_आणि_तार: सर्च कॉइलने, म्हणजे फक्त मोजण्यासाठीच्या वेगळ्या कॉइलने. त्याच रिंगवर बारीक एनॅमल तारेचे ५ वेढे घाला. मुख्य २० वेढे पूर्ण रिंगवर सारखे पसरवा. १ किलोहर्ट्झचा साइन द्या. सिग्नल जनरेटर एवढा करंट देत नाही, मध्ये ऑडिओ अँप्लिफायर घ्या. मुख्य कॉइलवर अडीच व्होल्ट आरएमएसच्या आसपास लागतील. मालिकेत १ ओहमचा रेझिस्टर ठेवला की त्यावरचे व्होल्ट म्हणजेच अँपियर.

पीक फ्लक्स = आरएमएस व्होल्टेज ÷ (४.४४ × वारंवारता × सर्च कॉइलचे वेढे)

२८ मायक्रोवेबरला ०.६२ व्होल्ट दिसायला हवेत. या सूत्रात पर्मिएबिलिटी कुठेच नाही, म्हणून हेच वाचन विश्वासाचं. मात्र सर्च कॉइलचा वेव्हफॉर्म स्कोपवर स्वच्छ साइन दिसलाच पाहिजे, नाहीतर ४.४४ लागू पडत नाही. करंट टोकदार दिसला तर घाबरू नका, वाकलेला बीएच वक्र (क्षेत्रासोबत फ्लक्सची घनता कशी वाढते त्याचा आलेख) तसाच दिसतो. स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकतात, व्होल्टेजही स्कोपवरच वाचा.

हिस्टेरिसिस: एक जोड. आधी डीसी देऊन बघितलं असेल तर गाभ्यात उरलेला फ्लक्स राहतो, आणि सर्च कॉइलला फक्त बदल कळतो. मोजायच्या आधी एसी पूर्ण वाढवून सावकाश शून्यावर आणा. एकदम स्विच बंद केला तर परत चुंबकत्व उरतं.