हार्ट अटॅकनंतर यजमान गप्प झाले आहेत, कुणाकडे जावं? (बडोदा)

नमस्कार. मी बडोद्याला असते, वय ५७. दिवाळीनंतर यांना हार्ट अटॅक आला. वेळेत पोचलो, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट घातले. यांचं वय ६१. बीपी आधीपासून आहे, शुगर नाही, तंबाखू-सिगरेटला कधी हात लावलेला नाही. आता टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आलाय, कोलेस्टेरॉल उतरलंय. डॉक्टर फाइल चाळतात आणि म्हणतात, "एकदम सरस छे, काका!" पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

घरी मात्र काहीच सरस नाही.

हे मुळातच अबोल. नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट सांभाळायचे. तिथे काही बिनसलं की ताटातलं अर्धं जेवण तसंच राहायचं. विचारलं तर "काही नाही." पण माणसांत असायचे. सकाळी कमाटी बागेत मित्रांचा कट्टा, रविवारी सगळे मिळून सेव उसळ, गणपतीत दांडिया बाजारातल्या मंडळाचा हिशेब यांच्याचकडे. तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला माणूस आहे हा. रिटायर झाल्यावर आम्ही वाडा सोडून मांजलपूरला फ्लॅटमध्ये आलो, तिथेच माणसं थोडी कमी झाली होती. अटॅकनंतर तर यांनी सगळंच बंद केलं. चालणं होतं ते गॅलरीत. मित्रांचे फोन वाजून वाजून थांबतात. उत्तरायणाला अख्खी सोसायटी गच्चीवर होती आणि हे खोलीत पडदा ओढून बसले. दर वर्षी नातवंडांच्या वयाच्या पोरांची फिरकी धरायला हेच पुढे असायचे. लेक कॅनडातून फोन करते तर "मी बरा आहे, आईशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात देतात.

रात्री मला जाग येते तेव्हा पलंगाच्या कडेला बसलेले दिसतात. दोन बोटं मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी जागी आहे असं कळलं की आडवे होतात.

स्वभावाचे प्रकार, टाइप ए, टाइप डी असं बरंच वाचलं आणि गोंधळ वाढला. मनात ठेवायच्या स्वभावामुळेच यांना अटॅक आला का? हे असंच राहिलं तर पुन्हा धोका आहे का? मनाच्या गोळ्या हृदयाच्या गोळ्यांबरोबर चालतात का? आणि हे सगळं कोणत्या डॉक्टरांना विचारायचं? "टेन्शन घेऊ नका" सोडून काहीही सांगा, ते सगळ्यांनी सांगून झालंय.

— मांजलपूरकर

निवृत्त_सिस्टर: ताई, मी बरीच वर्षं हृदयविकाराच्या आयसीयूत काम केलंय. तुम्ही लिहिलंय तसे पेशंट खूप बघितले, पुरुष तर फारच. पहिलं काम: गोळ्यांची पाकिटं नीट बघा. मन उतरलेला माणूस गोळ्या चुकवतो आणि कुणाला सांगत नाही. स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकणं सगळ्यांत वाईट. दुसरं, यांना मेटोप्रोलॉलसारखी, नाडी आणि बीपी उतरवणारी गोळी चालू आहे का? तिने काहींना थकवा येतो, झोप मोडते. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

डॉ_कारेलीबाग: मी फिजिशियन आहे, पण तुमचे पेशंट तपासलेले नाहीत, त्या मर्यादेत लिहितो.

आधी स्वभावाचं. टाइप ए ही कल्पना १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी मांडली. सतत घाईत, स्पर्धेत, चिडचिडा असा माणूस. पुढच्या अभ्यासांत ती सगळी गोळाबेरीज टिकली नाही. त्यातला राग आणि माणसांबद्दलची कडवट, वैरभावाची वृत्ती तेवढी हृदयाला जाचते असं दिसलं. टाइप डी १९९० च्या दशकात बेल्जियमच्या डेनोलेट यांनी मांडला: सतत उदास, काळजीत, आणि ते कुणाजवळ बोलायचं नाही. वर्णन तुमच्या यजमानांना लागू पडतंय असं वाटेल. पण सुरुवातीला दिसला तेवढा धोका नंतरच्या मोठ्या अभ्यासांत दिसला नाही. तेव्हा अबोल होते म्हणून अटॅक आला, हे मनातून काढून टाका. एकसष्टीचा पुरुष आणि बीपी, एवढी कारणं समोर आहेत. भारतीयांना हा आजार तसाही लवकर गाठतो.

मनाचा काहीच संबंध नाही असं मात्र नाही. २००४ मध्ये ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास आला, भारतही त्यात होता. अटॅकच्या नऊ मुख्य कारणांत ताण आणि नैराश्य हे सिगरेट, बीपी, शुगर यांच्या पंगतीत आहेत. भीती, संताप, काळजी यांत ॲड्रेनालिन वाढतं, नाडी आणि बीपी चढतं, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. शिवाय माणूस चालत नाही, झोपत नाही, औषध टाळतो. अटॅकनंतर नैराश्य आलेल्यांत पुढचे मृत्यू जास्त होतात हे मॉन्ट्रियलच्या अभ्यासाने १९९३ मध्येच दाखवलं. म्हणून आता प्रश्न स्वभावाचा धरू नका, नैराश्याचा धरा. स्वभाव साठीनंतर बदलायला जाऊ नये. नैराश्याला इलाज आहे.

दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, मजा येत नाही असं होतंय का? उदास, निराश वाटतंय का? बरेच दिवस "हो" असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनाच सांगा. अटॅकनंतर हे विचारावं असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये सांगितलंय, त्यामुळे भलतंच काही विचारतोय असं वाटून घेऊ नका. थायरॉइड आणि बी१२ सुद्धा तपासून घ्या.

गोळ्यांचं: सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध अटॅकनंतरच्या पेशंटना देऊन बघितलेलं आहे, हृदयाच्या दृष्टीने ते सुरक्षित ठरलं. पण स्टेंटच्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायची. एक स्पष्ट सांगतो. २००३ मध्ये अमेरिकेत जवळपास २,५०० पेशंटवर मोठा प्रयोग झाला. समुपदेशनाने मन सुधारलं, एकटेपणा कमी झाला, पण दुसरा अटॅक किंवा मृत्यू त्याने कमी झाले नाहीत. तरी मी इलाज कराच म्हणेन. तुमच्या यजमानांना रात्री झोप लागावी, लेकीशी बोलावंसं वाटावं, एवढं कारण मला पुरे आहे.

आणि "मी असून काय उपयोग" असलं काही बोलले तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

दोन_स्टेंटवाला: ताई, मी रावपुऱ्यातला, माझा अटॅक तीन वर्षांपूर्वीचा. नाडी धरून बसायचं मी पण केलंय. ढेकर आली तरी वाटतं, आलाच. झोपलो तर उठणार नाही असं वाटतं म्हणून झोपत नाही. बायकोला सांगत नाही, कारण ती घाबरेल आणि मग दोघंही जागे. मित्रांना भेटत नाही, कारण ते "काय, कसा झाला?" विचारतात आणि परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. बागेत छातीत दुखलं तर सगळ्यांसमोर तमाशा होईल ही धास्ती वेगळीच.

मला कुणी "बोल, मोकळा हो" म्हटलं की मी आणखी मिटायचो. उपयोग झाला तो हॉस्पिटलच्या कार्डियाक रिहॅबचा. तिथे ट्रेडमिलवर फिजिओ बाजूला उभा, छातीला तारा. जोरात चाललो, नाडी वाढली, आणि काही झालं नाही! त्या दिवशी भीती निम्मी झाली. तिथे सगळेच छाती शिवलेले नाहीतर स्टेंटवाले, त्यामुळे आपण होऊन बोलणं निघालं. तुमच्या हॉस्पिटलात रिहॅब आहे का विचारा.

शुभदा_ग्वाल्हेर: धागा वाचतेय. माझ्या भावाचं हुबेहूब असंच चाललंय. सगळ्यांचे आभार.

मांजलपूरकर: सगळ्यांचे मनापासून आभार. पाकिटं बघितली, गोळ्या बरोबर आहेत. काल चहाच्या वेळी ते दोन प्रश्न विचारले. डॉक्टरांनी लिहून द्यायला सांगितलंय असं मी म्हणाले, म्हणून हे बसले तरी. पहिल्याला बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिही, रोज." दुसऱ्यालाही "लिही." पुढे विचारलं नाही. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय, कागद बरोबर नेणार. मानसोपचार म्हटलं तर मात्र येणार नाहीत, "मी वेडा नाही" म्हणतील. आणि लेकीला सांगू का? ती नोकरी टाकून धावत येईल.

डॉ_कारेलीबाग: कागद तिथे तुम्ही वाचून दाखवू नका, त्यांच्या हातून डॉक्टरांना द्या. मानसोपचाराचं तुम्ही सुचवण्यापेक्षा हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर ते जातील, "हृदयाचाच भाग आहे" एवढं त्यांनी म्हटलं तरी पुरतं. खाजगीत जायचं नसेल तर सयाजी हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी आहे. तोपर्यंत तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो.

निवृत्त_सिस्टर: लेकीला सांगा, ताई. "ये" म्हणू नका, "रोज फोन कर आणि बाबांकडेच मागून घे" म्हणा. तब्येतीचं विचारायचं नाही. तिथल्या बर्फाचं सांगू दे, नाहीतर गणपतीच्या हिशेबाचं काहीतरी विचारू दे.

दोन_स्टेंटवाला: रविवारी सकाळी सात वाजता मी कमाटी बागेच्या मोठ्या फाटकाशी असतो. सपाट रस्त्यावर, हळू चालतो. डॉक्टरांनी गुरुवारी चालायला हो म्हटलं तर यांना घेऊन या. अटॅकचं मी काही विचारणार नाही. इथे व्यक्तिगत निरोप टाका, मी वाट बघेन.